कॅप्टनचा शर्ट सोनेरी की शेवाळी? ‘स्टार ट्रेक’च्या जुन्या पोशाखांचं कापड आणि रंग ओळखताना

लक्ष्मी रोडवरच्या एका मॅचिंगच्या दुकानात मी मोबाइल पुढे धरून उभी होते. स्क्रीनवर कॅप्टन कर्कचा सोनेरी शर्ट. काउंटरवरच्या काकांनी हळदी, मोहरी, आंबा असे तीन ताके उलगडले, मोबाइलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “ताई, फोटोवरून मॅचिंग होत नसतं. कापड आणा, आणि दारात उजेडात बघा. ट्यूबखाली काही कळायचं नाही.”

मी ऐकलं नाही. साडेतीन मीटर हळदी वेलोर (मखमलीसारखं लवदार कापड) घेतलं, शर्ट शिवला, घातला आणि हळदीच्या समारंभातून आल्यासारखी दिसले. काका बरोबर होते हे नंतर वाचताना कळलं. मूळ शर्ट सोनेरी नव्हताच, तो हिरवा होता.

हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर चाललेल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ या अंतराळजहाजावरच्या विज्ञानमालिकेच्या गणवेशाचं कापड, शिवण आणि रंग पारखायचे कसे, हे टप्प्याटप्प्याने सांगते. कुणाला स्वतः शिवायचा असेल, कुणाला लिलावातला ‘ओरिजिनल’ तपासायचा असेल, दोघांनाही उपयोग होईल. हीच रीत त्या काळच्या इतर विज्ञानमालिकांनाही लावता येते, फक्त तपशील बदलतात.

आधी सीझन ठरवा, मग कापड

“मला स्टार ट्रेकचा शर्ट हवाय” हे म्हणणं “मला पैठणी हवीय” म्हणण्याइतकंच मोघम आहे. तीन सीझन, ७९ भाग, आणि त्याआधी काढलेले दोन पायलट, म्हणजे चाचणीचे भाग (दुसरा या ७९ मध्येच धरलेला). पहिल्या पायलटचं चित्रीकरण १९६४ च्या शेवटी झालं, दुसऱ्याचं १९६५ मध्ये. या दोन्हींतले शर्ट मालिकेतल्यापेक्षा वेगळे आहेत. गळा उंच आणि रिबचा, रंग फिकट, आणि लाल रंग कुठेच नाही. पुढे मोहिमेवर हमखास मरणाऱ्या ज्या लाल शर्टवाल्यांवर इतके विनोद झाले, ते लाल शर्ट नियमित मालिका सुरू झाल्यावर आले.

८ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली तेव्हापासून दुसऱ्या सीझनच्या शेवटापर्यंत पुरुषांचे शर्ट वेलोरचे. तिसऱ्या सीझनमध्ये ते नायलॉनच्या डबल निटचे झाले. कारण अगदी घरगुती आहे: वेलोर आटायचं. कलाकारांचे कपडे नियमाप्रमाणे सतत धुवायला जायचे, आणि प्रत्येक ड्रायक्लीनिंगनंतर शर्ट थोडा आखूड होऊन परत यायचा. पहिल्या दोन सीझनमध्ये काही दृश्यांत शर्टाचा घेर पोटावर ताणलेला दिसतो, त्याचा सगळा दोष जेवणाला देऊ नका.

म्हणजे पहिली चाचणी अशी: विकणारा म्हणतो की शर्ट तिसऱ्या सीझनचा आहे, आणि हातात लव असलेलं कापड येतंय, तर एक तर सीझन चुकलाय किंवा शर्ट. उलटही तसंच. एवढ्यावरच अर्धी दुकानं बंद होतात.

या सगळ्या कपड्यांमागचा माणूस म्हणजे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस. तीनही सीझन त्याचे. पुढे १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक’चीच नवी मालिका ‘नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली तेव्हा सुरुवातीचे अंगाला चिकटलेले स्पॅन्डेक्सचे गणवेशही त्याचेच. ते घालून कलाकारांच्या पाठी दुखायला लागल्या आणि तिसऱ्या सीझनपासून रॉबर्ट ब्लॅकमनने लोकरीच्या गॅबर्डिनचे दोन तुकड्यांचे गणवेश आणले. कापड बदलण्यामागे दरवेळी कलाकाराचं शरीर आहे, हे लक्षात ठेवलं की कुठला बदल कुठे शोधायचा ते कळतं.

हात, भिंग आणि उलटी बाजू

वेलोर, वेल्व्हेट आणि वेल्व्हेटीन आपल्याकडे सरसकट ‘मखमल’ म्हणून विकलं जातं. गोंधळ इथूनच सुरू होतो. मखमल हातमागावर किंवा यंत्रमागावर विणलेली असते, तिच्यात उभे-आडवे धागे असतात. गणवेशांचं वेलोर हे निटेड, म्हणजे स्वेटरसारखं फाशांचं कापड. फासे कापून त्यांची लव केलेली असते.

ओळखायला सुलटी बाजू उपयोगाची नाही, तिथे लव सगळं झाकून टाकते. कापड उलटं करा. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं, कुठल्याही स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतं. उलट्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षराच्या एकावर एक रांगा दिसल्या तर निट. चटईसारखी चौकट दिसली तर विणलेली मखमल. मग दोन्ही हातांनी आडवं ताणा. निट ताणलं जातं आणि परत येतं. मखमल फारशी हलत नाही.

आता आधुनिक वेलोरचा एक खोडसाळपणा. हल्ली नाइटसूटसाठी मिळणाऱ्या बहुतेक वेलोरमध्ये स्पॅन्डेक्स असतं. ते चारही बाजूंनी ताणलं जातं आणि रबरासारखं चटकन परत येतं. स्पॅन्डेक्सचा शोध डूपॉन्ट कंपनीत १९५८ मध्ये लागला होता, तेव्हा ते साठच्या दशकात अशक्य होतं असं नाही. पण एखादा जुना म्हणवणारा वेलोरचा शर्ट ओढल्यावर सायकलिंगच्या चड्डीसारखा वागायला लागला तर माझ्या मनात तरी पाल चुकचुकते.

डबल निट ओळखणं सोपं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, अंगाला जाडसर आणि भरीव लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापलेली कड गुंडाळत नाही. टी-शर्टचं साधं होजिअरी कापड कापलं की कड लगेच वळते. माझ्या शिंपीणबाई याला ‘शहाणं कापड’ म्हणतात.

तिसरं कापड सॅटिन. समारंभाच्या गणवेशाचं, सोनेरी काठ लावलेलं ते चकचकीत कापड. सॅटिन ही वीण आहे, धागा नव्हे. ते रेशमाचं, रेयॉनचं, अ‍ॅसिटेटचं किंवा पॉलिएस्टरचं असू शकतं. म्हणून ‘सॅटिन आहे’ एवढ्यावर वय ठरवू नका.

धागा कुठला हे शोधायचं असेल तर जाळून बघायची जुनी रीत आहे. ही फक्त तुम्ही नव्याने विकत घेतलेल्या कापडाच्या कातरणावर करा. जुन्या कपड्याचा एक दोराही काढू नका, माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) उसवून तर मुळीच नाही. चिमटा, स्टीलची ताटली, बाजूला पाणी, आणि खिडकी उघडी. सुती आणि रेयॉन झटकन पेटतात, कागद जळल्याचा वास येतो, मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास, आणि बोटांनी चुरगळणारी काळी गुठळी. नायलॉन ज्योतीपासून मागे सरकतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक, फिकट मणी बनतो. पॉलिएस्टरही वितळतं, पण काळा काजळीचा धूर सोडतं आणि मणी गडद होतो. अ‍ॅसिटेटसाठी आणखी सोपं: नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका, कापड विरघळून चिकट होतं. मिश्र धागे असले की या सगळ्या खुणा एकमेकांत मिसळतात, तेव्हा एका ज्योतीवर निकाल देऊ नये.

शिवणार असाल तर एक सूचना पोटातून येतेय. कापड आधी धुवा. दोनदा. माझा पहिला शर्ट रंगाने फसला आणि दुसरा धुण्याने. नवीन वेलोर आणलं, न धुता कापलं, शर्ट अंगावर नेमका बसला. पहिल्या धुण्यानंतर बाह्या मनगटाच्या वर दोन बोटं गेल्या. ते बघून आमच्याकडचे म्हणाले, “आता खरा ओरिजिनल झाला!”

शिवणीत काय लपलंय

कापडापेक्षा शिवण जास्त बोलते, कारण कापडाची नक्कल करणाऱ्याला शिवणीचा कंटाळा येतो.

वेलोरच्या शर्टाच्या बाह्या रॅग्लन पद्धतीच्या आहेत, म्हणजे बाहीची शिवण खांद्यावर न थांबता तिरकी गळ्यापर्यंत जाते. शर्ट घालता-काढता यावा म्हणून चेन आहे, पण ती पुढच्या रॅग्लन शिवणीत दडवलेली. लांबून दिसत नाही. स्वस्तातल्या रेडिमेड पोशाखांत चेन एक तर नसते किंवा पाठीत सरळ मधोमध असते. वेलोरच्या शर्टाला तसं असेल तर तो सजावटीचा कपडा समजा.

चेनच्या दातांवरून वय सांगायचा मोह होतो. धातूची म्हणजे जुनी, नायलॉनची म्हणजे नवी. हे गणित पूर्ण बरोबर नाही. नायलॉनच्या कॉइलच्या चेनी अमेरिकेत १९६० च्या आसपास बाजारात आल्याच होत्या. म्हणून चेनवरचं कंपनीचं नाव आणि खेचायच्या कुलपाचा आकार बघा, दात नंतर.

शिवणदोरा बघा. भिंगाखाली सुती दोऱ्यावर बारीक तंतू उभे दिसतात. पॉलिएस्टरचा दोरा जास्त गुळगुळीत आणि चमकदार. साठच्या दशकात सुती दोराच जास्त चालायचा, पॉलिएस्टर नंतर सर्रास झाला. नुसत्या एका शिवणीवरून न्याय करू नका, कारण हे कपडे रोज वापरले गेले, उसवले, पुन्हा शिवले गेले. एका शिवणीत नवा दोरा आणि बाकी सगळीकडे जुना, हे मला पूर्ण एकसारख्या स्वच्छ शिवणीपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

मायेकडे बघा. चित्रपट-टीव्हीच्या कपड्यांत शिवणीच्या आत भरपूर माया सोडलेली असते, कारण तोच कपडा उद्या दुसऱ्याच्या अंगावर जाणार असतो. गळ्याच्या किंवा कमरेच्या आत शाईने लिहिलेलं किंवा पट्टीवर टंकलेलं नटाचं नाव असणं ही हॉलिवूडच्या पोशाखघरांची नेहमीची पद्धत. नाव असणं हा पुरावा आहे, पण पट्टी उसवून दुसऱ्या कपड्यावर लावता येते हेही विसरू नका. पट्टीभोवतीच्या टाक्यांची भोकं एकच जोडी आहेत की दोन, ते भिंगातून मोजा.

बाहीवरची हुद्द्याची सोनेरी लेस सरळ नाही, कड लाटांसारखी आहे. कर्कला दोन सलग पट्टे आणि मध्ये एक तुटक. त्याचा उपकप्तान स्पॉकला दोन सलग. डॉक्टर मॅकॉय आणि इंजिनियर स्कॉटीला एक सलग, एक तुटक. साध्या लेफ्टनंटला एकच सलग. अगदी खालच्या एन्साइनला काहीच नाही. लेस हातशिलाईने लावलेली असेल तर आतल्या बाजूने टाके किंचित वाकडेतिकडे दिसतात. मशीनचा सरळ टाका दिसला तर शंका घ्या.

छातीवरचा बाणासारखा बिल्ला सोनेरी कापडाचा, काळ्या भरतकामाच्या कडेचा. आत कर्क, सुलू यांना तारा, स्पॉक आणि मॅकॉयला वर्तुळाचं चिन्ह, स्कॉटी आणि उहुराला गुंडाळलेल्या शेपटीसारखं चिन्ह, नर्स चॅपलला लाल क्रॉस. जुन्या सोनेरी धाग्यावर काळपट छटा येते, आतल्या कोपऱ्यात जास्त. बिल्ला चकाकतोय आणि कापड विटलंय, किंवा उलट, तर दोघं एका वयाचे नाहीत.

आणि एक छोटी गंमत. कंबरेवर कम्युनिकेटर (बोलायचं छोटं यंत्र) आणि फेझर (किरणांचं पिस्तूल) चिकटून राहायचे ते व्हेल्क्रोने. तेव्हा व्हेल्क्रो नवीनच होतं. विजारीच्या कमरेला दोन्ही बाजूंनी व्हेल्क्रोची पट्टी किंवा ती काढल्याच्या टाक्यांच्या खुणा असतील तर ती चांगली बातमी.

रंग: इथेच सगळे फसतात

आता मूळ प्रश्न. कॅप्टनचा शर्ट.

वेलोरचं कापड हिरवं होतं. आपल्या भाषेत शेवाळीच्या जवळचं, त्यात थोडं लिंबू. थाइसनेच नंतर सांगितलं की ते फिल्मवर सोनेरी उतरायचं, प्रत्यक्षात हिरवंच होतं. याचा उत्तम पुरावा मालिकेतच आहे. कर्क कधी कधी पुढून एकावर एक येणारा एक वेगळा शर्ट घालतो, उदाहरणार्थ तो दोन कर्क असलेला भाग, जिथे चांगला कर्क आणि वाईट कर्क वेगवेगळे ओळखू यावेत म्हणून एकाला तो दिलाय. तो स्क्रीनवर स्पष्ट हिरवा दिसतो. समारंभाचा सॅटिनचा गणवेशही हिरवाच दिसतो. कापडं वेगळी, हिरवा तोच. लोकांना वाटलं कर्कला दोन रंगांचे कपडे आहेत. प्रत्यक्षात एकाच रंगाला दोन कापडांनी दोन तऱ्हेने प्रकाशात उभं केलं.

आपल्याकडच्या कुणालाही हे नवल वाटू नये. धूपछांवची साडी एका बाजूने जांभळी, दुसऱ्या बाजूने मोरपंखी दिसते. लव असलेलं कापड प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परतवतं, सॅटिन वेगळ्या. स्टुडिओतले दिवे पिवळसर, साधारण ३२०० केल्व्हिनचे. त्यात त्या काळच्या रंगीत निगेटिव्हचा स्वतःचा कल. त्यानंतर लॅबमध्ये प्रिंट काढणारा माणूस, जो त्वचेचा रंग ठीक करतो आणि बाकी सगळं त्याबरोबर सरकतं.

लॅबचा हा हात किती लांब असतो याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पहिल्या पायलटमध्ये हिरव्या त्वचेची नर्तकी दाखवायची होती. रंगभूषेची चाचणी म्हणून अभिनेत्री मेजल बॅरेटला हिरवं रंगवून चित्रण केलं. प्रिंट आली तर त्वचा गोरी! पुन्हा आणखी हिरवं केलं, पुन्हा गोरी. शेवटी कळलं की लॅबवाले हिरवं हे चूक समजून मनापासून दुरुस्त करत होते. जिथे हिरव्या बाईची गोरी झाली, तिथे हिरव्या शर्टाचा सोनेरी झाला यात नवल काय!

अजून एक अडचण भिंतींची. छायाचित्रकार जेरी फिनरमन जहाजाच्या राखाडी भिंतींवर जांभळे, हिरवे, निळे प्रकाश टाकायचा. म्हणजे चित्रातली भिंत तुमचं ‘करडं’ प्रमाण म्हणून वापरता येत नाही. ती भिंत खरी राखाडी आहे हे माहीत असूनही, तुम्हाला दिसतोय तो दिव्याचा रंग. एनबीसी तेव्हा आरसीएच्या मालकीची होती आणि आरसीए रंगीत टीव्ही विकत होती, तेव्हा गडद, ठळक रंग हवेच होते. टीव्हीवर ते कसे दिसायचे ते विचारू नका. अमेरिकन रंगीत प्रसारणाच्या एनटीएससी या पद्धतीला तिथले इंजिनियर ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ म्हणायचे, म्हणजे एकदा दिसला तो रंग पुन्हा दिसणार नाही.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा पुष्कळ घरांत कृष्णधवल टीव्ही होता. आमच्याकडेही. माझ्या बालपणी कर्कचा शर्ट सोनेरीही नव्हता आणि हिरवाही नव्हता. करडा होता, आणि स्पॉकचा जरा गडद करडा.

मग काम कसं करायचं?

जुना कपडा किंवा कापडाचा तुकडा हातात असेल तर तो उत्तरेच्या खिडकीपाशी न्या. थेट ऊन नको, दिवसाचा पसरलेला उजेड हवा. खाली पांढरा कागद नको, मध्यम करडं पुठ्ठं ठेवा, फोटोग्राफीच्या दुकानात अठरा टक्के करड्या रंगाचं कार्ड मिळतं. लव एकदा वरच्या बाजूला आणि एकदा खालच्या बाजूला हाताने फिरवा. लव वर वळलेली असली की रंग गडद आणि दाट दिसतो, खाली असली की फिकट आणि चमकदार. दोन्ही नोंदवा. बहुतेक लोक लव खाली असताना फोटो काढतात आणि रंग चुकला म्हणून विक्रेत्याशी भांडतात.

मग तोच तुकडा पिवळ्या बल्बखाली न्या, आणि मग घरातल्या साध्या एलईडीखाली. दोन कापडं दिवसाच्या उजेडात हुबेहूब आणि बल्बखाली वेगळी दिसली तर त्यांची रंगद्रव्यं वेगळी आहेत. यालाच मॅचिंगवाले काका ‘दारात एक, घरात एक’ म्हणतात. एलईडी घेताना खोक्यावर रंगदर्शनाचा आकडा (सीआरआय) ९५ किंवा वर असलेला घ्या, थोडा महाग पडतो.

फोटो काढायचा असेल तर करडं कार्ड त्याच फोटोत, कापडाशेजारी ठेवा. मोबाइलला स्वतःहून रंग ठरवू देऊ नका. पिवळ्या खोलीत तो पिवळं काढून टाकतो, आणि पिवळं काढलं की हा शर्ट पुन्हा हिरव्याकडे ढळतो. मला माझ्याच मोबाइलने दोनदा ‘सिद्ध’ करून दिलंय की शर्ट हिरवा आहे आणि सोनेरी आहे.

स्क्रीनवरून काम करायची वेळ आली तर २००६ पासूनच्या रीमास्टर केलेल्या प्रती घ्या, पण त्याही कुणीतरी बसून रंग लावलेल्याच आहेत हे ध्यानात ठेवा. एका दृश्यावरून ठरवू नका. दहा दृश्यं काढा, वेगवेगळ्या भागांतली. प्रत्येकात नटाच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पिवळट किंवा निळसर असेल तर तेवढाच तोल शर्टावरही आहे. प्रकाशझोतातला भाग आणि गडद सावली दोन्ही सोडा, मधला भाग घ्या. नंतर पॅन्टोनच्या कापडांसाठीच्या शेड कार्डातून जवळचे दोन-तीन रंग निवडा आणि कापड घ्यायला जाताना हे कार्ड सोबत न्या, मोबाइल घरी ठेवला तरी चालेल.

निळा (स्पॉक, मॅकॉयचा) आणि लाल (स्कॉटी, उहुराचा) हे तुलनेने सरळ आहेत. स्क्रीनवर जे दिसतात तिथपासून फार लांब जात नाहीत. फक्त लाल सगळ्यात आधी विटतो, त्यामुळे जुना लाल शर्ट बाहेरून गेरूसारखा आणि मायेत रक्तासारखा दिसू शकतो.

वय, विटणं आणि निळा दिवा

मायेत, चेनमागे, बिल्ल्याखाली आणि काखेच्या घडीत खरा रंग शिल्लक असतो. तिथला आणि बाहेरचा रंग एकच असेल, तर शर्ट एक तर अंधारात सांभाळला गेलाय किंवा नवा आहे. वस्त्रसंग्रहालयांत कापडावरचा उजेड साधारण ५० लक्सपर्यंत ठेवतात, म्हणजे आपल्या ट्यूबच्या निम्म्याहून कमी, यावरून रंग किती नाजूक असतो ते कळेल.

३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी अंधारात लावून बघा. निळसर पांढरं चमकलं की लोक ओरडतात, “नकली!” थांबा. चमक देणारे पदार्थ धुण्याच्या पावडरीत पन्नासच्या दशकापासून आहेत, तेव्हा धुतलेला जुना शर्टही चमकू शकतो. उपयोग असा की शर्टाचा एखादाच तुकडा, एखादीच बाही वेगळी चमकली तर ती नंतर बदललेली आहे.

विकत घेणार असाल तर

ऑक्टोबर २००६ मध्ये ख्रिस्तीजने न्यूयॉर्कमध्ये स्टार ट्रेकच्या वस्तूंचा तीन दिवसांचा मोठा लिलाव केला. त्यानंतर जगभर कपडे फिरले, त्यांच्याबरोबर कागदपत्रं फिरली, आणि कागदपत्रं नसलेलेही फिरले. प्रमाणपत्र म्हणजे कुणीतरी सही केलेला कागद. त्यात कपडा कुठून कुठे गेला याची साखळी लिहिलेली नसेल तर त्याची किंमत रद्दीच्या भावाची.

पक्का पुरावा म्हणजे पडद्यावरच्या चित्राशी जुळणी. साध्या वेलोरवर छाप नाही, रेघ नाही, त्यामुळे कापड जुळवता येत नाही. मग जुळवायचं काय? बिल्ल्याचा किंचित तिरकेपणा, लेसच्या लाटा शिवणीपाशी कुठे तुटल्यात, तुटक पट्ट्याचा पहिला तुकडा शिवणीपासून किती लांब आहे. हाताने लावलेल्या गोष्टी प्रत्येक शर्टावर थोड्या वेगळ्या असतात, आणि वेगळेपणच इथे ओळख आहे. त्याच शर्टाच्या एकाच प्रसंगातल्या दोन-तीन चित्रांत ती खूण सारखी दिसली पाहिजे. एकात दिसते, दुसऱ्यात नाही, तर ती खूण नव्हे, फिल्मवरचा ठिपका.

दुसऱ्या मालिकांकडे एक डोळा

हीच रीत बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ला लावली की मजा येते. १९७४ मध्ये चौथ्या डॉक्टरच्या, म्हणजे नायकाच्या भूमिकेतल्या चौथ्या नटाच्या, गळ्यातला तो अवाढव्य मफलर बेगोनिया पोप नावाच्या विणकर बाईंनी विणला. वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचसनने रंगीबेरंगी लोकर दिली ती नमुना म्हणून, त्यांनी सगळीच विणून टाकली! पुढे त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या, पट्ट्यांचा क्रम बदलत गेला, आणि १९८० च्या सुमाराला वेशभूषाकार जून हडसनने तो पूर्ण मरून-जांभळ्या छटांत नेला. तिथे रंगाइतकंच पट्ट्यांचा क्रम मोजणं महत्त्वाचं. शिवाय त्या काळात बीबीसी आतली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची फिल्मवर घ्यायची, म्हणजे एकाच भागात मफलरचे दोन रंग.

आणि १९६५ ची ‘लॉस्ट इन स्पेस’ घेतलीत तर पहिला सीझन कृष्णधवल आहे. तिथे पडद्यावरून रंग ठरवायचा प्रयत्नच करू नका. वेशभूषाकार पॉल झास्टुप्नेविचच्या चंदेरी सूटवरचा धातूचा मुलामा तडकलाय का, घडीच्या जागी झडलाय का, ते बघा.

नोंद

प्रत्येक कापडाचा एक छोटा तुकडा मी जाड कार्डाला स्टेपल करून ठेवते. मागे कापड, धागा, कुठल्या उजेडात बघितलं, लव वर की खाली, किती आटलं. हळदीचं ते साडेतीन मीटर वेलोर अजून आहे, त्याची उशीची खोळ झाली. त्याच्या कार्डावर मी ‘कॅप्टन, सोनेरी’ असं लिहिलं होतं. आता त्याखाली दुसरं कार्ड आहे: ‘कॅप्टन, शेवाळी, वेलोर, लव वर, उत्तरेची खिडकी, सकाळी ११, दोनदा धुतलं.’